एल्कची शिकार : कॉलोराडोतील नवख्या शिकाऱ्यासाठी काही अनुभव

एल्कच्या शिकारीला पहिल्यांदाच जाऊ पाहणारा मनुष्य मला बहुधा बंदुकीविषयी प्रश्न विचारतो. कोणती घ्यावी, किती दमाची घ्यावी, दुर्बीण कोणती बसवावी, हे सारे तो आधीच वाचून आलेला असतो. मी त्याला उलट एवढेच विचारतो, की एल्कचा पंचवीस किलोचा फरा, म्हणजे मागची अख्खी मांडी, पाठीवर बांधून, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर उंचीवर, आडव्या पडलेल्या झाडांच्या गचपणातून तुम्ही गाडीपर्यंत किती खेपा करू शकाल? हा प्रश्न चेष्टेने विचारलेला नसतो. माझ्या मते एल्कच्या शिकारीचे सारे नियोजन या खेपांपासून सुरू होऊन मागे यावे लागते. मी मात्र पहिली दोन वर्षे ते नेमके उलट्या दिशेने केले, म्हणून हा लेख.

एल्क हा हरीणकुळातला थोराड प्राणी असून आपल्या काश्मीरमधला हंगुल त्याचा जवळचा नातलग आहे. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो आणि मादी सव्वादोनशेच्या घरात जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी कॉलोराडोत बेसुमार शिकारीमुळे हा प्राणी जवळजवळ संपला होता. पुढे वायोमिंगमधून कळप आणून सोडण्यात आले आणि आज अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा येथे एल्क अधिक, म्हणजे अडीच लाखांहून जास्त आहेत. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला, जेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याशी जोडला गेला, परवाना काढून उघडपणे शिकारीला जाणे हे पचायला वेळ लागला. त्यात मदत झाली ती १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याची माहिती वाचून. रायफली आणि काडतुसे यांच्या विक्रीवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, हे कळल्यावर या व्यवस्थेकडे पाहण्याची माझी नजर बदलली. तुमची बदलावी असा आग्रह नाही. परंतु हा प्रश्न रानात बंदूक खांद्याला लावल्यावर मनात येऊ देऊ नका, तो घरी सोडवून निघा.

कागदपत्रांचे काम वसंतातच संपवावे लागते, कारण परवान्यांच्या सोडतीसाठी अर्ज करण्याची मुदत एप्रिलच्या आरंभी संपते. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याखेरीज परवाना मिळत नाही, तेव्हा तो हिवाळ्यातच उरकून घ्यावा. राज्यात सलग सहा महिने वास्तव्य झाले असेल तर निवासी दराने परवाना मिळतो. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला त्याच परवान्यासाठी दहापटीहून अधिक, आठशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती वर्गात कोणी सांगत नाही: एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे, आणि वैध शिकार-परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे परवाना हाती येण्याआधी मित्राची रायफल घेऊन सरावाला जाणेही अंगाशी येऊ शकते. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्यावे, ती फी वाया जात नाही. मी स्वतः ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो.

नवख्याने शक्य असेल तेथे मादीचा परवाना मागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नराच्या बाबतीत राज्याच्या बहुतेक भागांत शिंगाची अट असते: एका शिंगाला किमान चार टोके, अथवा कपाळालगतचे टोक निदान पाच इंचांचे. अर्धवट उजेडात, धापा टाकत, झाडांच्या फांद्यांमधून ती टोके मोजणे ही नवशिक्याची परीक्षा नव्हे. शिवाय मादीचे मांस कोवळे असते. शिंगे भिंतीवर लावण्याची हौस असेल तर ती पाच वर्षांनी पुरवावी.

रायफलीविषयी थोडक्यात सांगतो. .२७०, .३०८ किंवा .३०-०६ यांपैकी जी तुम्हाला झेपते, जिच्या धक्क्याने डोळे मिटत नाहीत, ती पुरेशी आहे. महागडी दुर्बीण लावून सहाशे यार्डांवरून मारण्याच्या गप्पा रानाबाहेरच्या आहेत. सरावाच्या मैदानात टेबलावर वाळूची पिशवी ठेवून मारणे वेगळे आणि चढ चढून आल्यावर, छातीत ढोल वाजत असताना, मांडी घालून बसून मारणे वेगळे. म्हणून मी दोनशे मीटर धावून लगेच गोळी झाडण्याचा सराव केला आणि त्यातून माझी मर्यादा दोनशे यार्ड ठरली. ती मर्यादा मी रानात बदलत नाही. वाचलेले पैसे बुटांवर खर्च करा आणि ते बूट उन्हाळाभर वापरून पायाला बसवून घ्या.

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला येथे एक अनपेक्षित फायदा मिळतो. धार, सोंड, घळ, खिंड या शब्दांनी विचार करण्याची सवय असली की नकाशावरच्या समोच्च रेषा जिवंत होतात. रात्री उघड्या कुरणात चरलेले एल्क पहाटे दाट झाडीकडे निघतात आणि दिवसा बहुधा उत्तरेकडे उतरणाऱ्या, सावलीच्या, गर्द उतारावर बसून राहतात. कुरण, पाणी आणि असा उतार ही तिन्ही ठिकाणे जेथे जवळजवळ येतात तेथून शोध सुरू करावा. गाडीरस्त्यापासून किलोमीटर-दोन किलोमीटर आत गेल्यावर माणसांची गर्दी ओसरते, पण फार आत जाऊ नये. खेपांचा हिशोब आठवावा. खुणा ताज्या आहेत का ते पाहावे. लेंड्या ओल्या आणि चकचकीत असतील, बोटाने दाबल्यावर मऊ लागतील, तर कळप त्याच दिवशी तेथे होता. कोवळ्या झाडाची साल शिंगाने घासून काढलेली असेल आणि डिंक अजून चिकट असेल, तर नर जवळपास आहे. कधीकधी गोठ्यासारखा उग्र वास आधी येतो आणि जनावर नंतर दिसते. खाजगी जमिनीची हद्द मात्र फोनमधल्या नकाशावर सतत तपासत राहावी, कारण कॉलोराडोत कुंपण नसले तरी मालकाच्या परवानगीवाचून खाजगी जमिनीवर शिकार करणे गुन्हा आहे.

आता वाऱ्याविषयी, कारण माझे दुसरे वर्ष वाऱ्यानेच बुडवले. एल्कच्या डोळ्यांना चकवता येते, कानांनाही थोडेफार चकवता येते, कारण कळप स्वतःच चालताना काटक्या मोडत असतो. नाकाला चकवता येत नाही. डोंगरातला वारा हवामानाच्या अंदाजात सांगतात तेवढाच नसतो. रात्री थंड झालेली जड हवा पहाटे ओढ्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढले की तीच तापून वर जाऊ लागते. संध्याकाळी पुन्हा उलट. त्या वर्षी ऑक्टोबरात पहाटे मी खालून चढत होतो, हवा तोंडावर येत होती, म्हणजे सारे बरोबर होते. तीनशे यार्डांवर, अस्पेनच्या झाडीच्या कडेला चौदा एल्क चरत होते. मी फार सावकाश, फार काळजीपूर्वक पुढे सरकलो आणि त्यातच नऊ वाजले. समोरच्या धारेवरून ऊन उतारावर आले. मी खिशातली शंखजिऱ्याच्या भुकटीची डबी दाबली, तर भुकटी क्षणभर जागीच तरंगली आणि मग माझ्या कानावरून वर, सरळ कळपाकडे गेली. एका म्हाताऱ्या मादीने मान उचलली, कुत्र्यासारखी एकदाच भुंकली आणि दहा सेकंदांत तेथे फक्त हलणाऱ्या फांद्या उरल्या. हवा फिरण्याच्या त्या तासाभरात कळपाच्या जवळ जाऊच नये. पहाटेच वेळ असेल तर झटपट गाठावे. नाहीतर दूर बसून राहावे, हवा नीट वर वाहू लागेपर्यंत थांबावे आणि मग वळसा घालून त्याच उंचीवरून अथवा वरून यावे. भुकटीची डबी दोन डॉलरची आहे. त्याच वर्षी मी एल्कचे आवाज काढण्याची तीन वाद्येही विकत घेतली होती. ती अजून कपाटात आहेत आणि तेथेच बरी आहेत, कारण नवख्याचा तो आवाज ऐकून कळप येण्यापेक्षा जाण्याचीच शक्यता अधिक.

तिसऱ्या वर्षी मादीचा परवाना होता. आमच्या गल्लीत राहणारे एक निवृत्त गुरेपालक आजोबा मला जाता जाता एवढेच म्हणाले होते, की गोळी सकाळी झाडावी, संध्याकाळी नाही. नियमानुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, पण त्या वेळी जखमी झालेले जनावर अंधारात शोधणे आणि रात्रभर ते गमावणे हे नवख्याच्या वाट्याला सहज येते. सकाळी साडेसात वाजता एकशे साठ यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. मी बसलो, कोपर गुडघ्यावर टेकवले आणि पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेम धरला. गोळी लागल्यावर ती पडली नाही. चार पावले चालून झाडीत शिरली, जणू काही झालेच नाही. धावत मागे जाण्याची ऊर्मी त्या वेळी अनावर असते. ती आवरून अर्धा तास घड्याळाकडे पाहत बसावे. मग ती उभी होती त्या जागेवर रक्त पाहावे. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुसाला लागले आहे आणि जनावर फार दूर नाही. रक्तात हिरवट घाण दिसली तर गोळी पोटात लागली आहे आणि तेव्हा अर्धा तास नव्हे, कित्येक तास थांबावे लागते. मला फेस दिसला. साठ पावलांवर ती सापडली.

यानंतर जे काम असते त्याची कल्पना कोणतीही चित्रफीत देत नाही. प्रथम परवान्याला जोडलेली चिठ्ठी सोडवून तिच्यावर सही आणि तारीख घालावी. मग कातडी काढण्याचे काम ताबडतोब सुरू करावे, कारण मांस नासवते ते उष्णतेने आणि एल्कची जाड कातडी थंडीतही अंगातली ऊब धरून ठेवते. पोट न फाडता वरच्या बाजूने फरा, खांदा आणि पाठीचे मांस काढून घ्यायचे, मग जनावर उलटवून दुसरी बाजू करायची, ही पद्धत एकट्या माणसाला सोपी जाते. मला साडेतीन तास लागले. सवय असलेला माणूस निम्म्या वेळात करतो. एका फऱ्यावर लिंगाचा पुरावा, मादी असेल तर कासेचा भाग, नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि थकलेल्या हाताने नेमका तोच भाग सफाईने कापला जातो. चारही पाय, पाठीचे आणि कमरेच्या आतले मांस रानात टाकून येणे हाही गुन्हा आहे. सारे सुती पिशव्यांत भरून, आतड्यांसह उरलेला सांगाडा पडला होता तेथून शंभरेक मीटर दूर, सावलीत फांदीला टांगले. अस्वल आलेच तर ते आधी आतड्यांकडे जाते. शिवाय परत येताना पिशव्या दुरून दिसतील अशी जागा निवडावी.

गाडी चार किलोमीटर दूर होती. एक फरा, दुसरा फरा, दोन खांदे मिळून एक खेप, आणि शेवटी पाठ, मान व डोके, अशा चार खेपा झाल्या. जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर, त्यातले सोळा पाठीवर ओझे घेऊन, आणि दोन दिवस. दुसऱ्या खेपेला डाव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली ती डिसेंबरपर्यंत चालू होती. त्यामुळे आता मी एकटा असेन तर गाडीपासून अडीच किलोमीटरच्या पुढे कळप दिसला तरी बंदूक खांद्यावरून काढत नाही. सोबती असेल तर ही मर्यादा वाढवतो.

डोके सोबत आणण्याचे कारण वेगळे आहे. हरणांना होणारा, मेंदूची चाळण करणारा जो क्रॉनिक वेस्टिंग रोग आहे, तो १९६७ साली कॉलोराडोतच प्रथम लक्षात आला. तो माणसाला झाल्याचे आढळलेले नाही, तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. वन्यजीव खात्याच्या केंद्रात डोके दिले की ते गळ्यातल्या गाठी तपासून निकाल कळवतात. तोवर मांसाच्या पुड्यांवर तारीख आणि जनावराचा क्रमांक घालून त्या फ्रीजरमध्ये वेगळ्या ठेवाव्यात, कोणाला वाटू नयेत. आमचा निकाल स्वच्छ आला. मादीतून साधारण सत्तर किलो मांस निघाले. हे मांस मटणासारखे चरबीचे नसल्याने नेहमीच्या बेताने केले तर चामट होते. पाठीचे तुकडे तापलेल्या तव्यावर मिनिटभर फिरवून उतरवावेत. फऱ्याच्या मांसाला रात्रभर दही लावून, सकाळी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात नेहमीपेक्षा दोन चमचे तेल अधिक घालून, कुकरच्या शिट्या मोजत न बसता मंद आचेवर दीड तास शिजू द्यावे.