पीसीसोबत सुरू होणारा व्हायरस कसा ओळखायचा (फॉरमॅट मारायच्या आधी वाचा)

पीसी चालू केला की एक काळी खिडकी चमकून जाते, मग बराच वेळ सगळं हँग होऊन राहते, आणि आपण म्हणतो मे महिना आहे, नागपुरात माणूस तापते तर मशीन का नाही तापणार. तापतेच, पण उन्हानं काळी खिडकी येत नाही ना भाऊ. सीताबर्डीत रिपेअरच्या दुकानात नेलं की बहुतेक फॉरमॅटच मारून देतील, त्याच्याआधी घरीच पाहून घ्या.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडते, त्यात स्टार्टअपवर जा, पीसीसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तिथे असते. आता सगळे इथेच चुकतात, नाव वाचतात. नावावर जाऊच नका, व्हायरसवाला नाव कोणतंही ठेवू शकते. राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन करा आन् फाइल कुठे बसली आहे ते बघा. उदाहरणार्थ एसव्हीसीहोस्ट (svchost.exe, विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारी फाइल), खरी असेल तर ती विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये असते (६४ बिटवर सिसवाव६४ (SysWOW64) फोल्डरमध्येपण एक असते, घाबरू नका), तीच जर ॲपडेटा (प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतात तो फोल्डर) किंवा टेम्पमध्ये (तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर) सापडली तर शंभर टक्के गडबड. पण ॲपडेटात आहे म्हणून सरसकट उडवूपण नका, बरेच चांगले प्रोग्रॅमही तिथूनच चालतात, तेव्हा प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर, म्हणजे फाइल बनवणाऱ्या कंपनीची सही, कोणाची आहे ते पाहा.

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून प्रिंट काढून आणता ना, आणि मग सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन जातात, त्यातली गोम वेगळी आहे. तिथे स्टार्टअपमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) दिसते, ते स्वतः मायक्रोसॉफ्टचंच, सहीपण खरी, पण त्याला चालवायला दिलेली व्हीबीएस फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, चोराची. म्हणून स्टार्टअपच्या यादीत वर कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून कमांड लाइन चालू करा, म्हणजे कोण कोणाला चालवून राहिला ते कळते.

टास्क मॅनेजरमध्ये सगळं दिसत नाही. शेड्यूल्ड टास्क, सर्व्हिसेस, रजिस्ट्रीचे (विंडोजच्या सेटिंग साठवायची जागा) बाकीचे कोपरे, हे सगळं एका ठिकाणी पाहायचं तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं ऑटोरन्स घ्या, फुकट आहे, इन्स्टॉल पण करावं लागत नाही, फक्त मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या एंट्री लपवा, स्कॅन ऑप्शन्समध्ये कोड सिग्नेचर तपासणी आणि व्हायरसटोटल (एकच फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिननी तपासून देणारी साइट) चालू करा. गुलाबी ओळ म्हणजे सहीचा पत्ता नाही, पिवळी म्हणजे एंट्री आहे पण फाइलच गायब. व्हायरसटोटलवर एकदोन इंजिननी लाल दाखवलं तर खोटा अलार्मही असू शकतो, वीसपंचवीस जणांनी दाखवलं तर मग विचार काय करायचा!

लगेच डिलीट करू नका, फक्त टिक काढा, चुकलं तर परत लावता येते. मग रीस्टार्ट करा आन् परत ऑटोरन्स उघडा. टिक काढलेली एंट्री पुन्हा नव्यानं येऊन बसली असेल तर तिला आणणारं दुसरं काहीतरी आत चालू आहे, बहुतेकदा शेड्यूल्ड टास्क. अशा वेळी विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन लावा, तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतो, म्हणून लपलेलंही सापडते. पंधरा मिनिटं वगैरे लागतात, तेवढ्या वेळात मोबाइलवरून बँकेचा आणि मेलचा पासवर्ड बदलून घ्या, या पीसीवरून नाही.