शंट असलेल्या कुत्र्याचा मुतखडा आणि मूत्रपिंडाचा संसर्ग: काय तपासायचं, काय टाळायचं

आतड्यातलं रक्त यकृतातून गाळून पुढे जायला हवं. काही पिल्लांत जन्मतःच एक जादा वाहिनी ते रक्त यकृताला बगल देऊन थेट मोठ्या शिरेत सोडते. हाच शंट. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज अशा छोट्या जातींत तो बहुधा यकृताबाहेर असतो, लॅब्राडोरसारख्या मोठ्या जातींत यकृताच्या आत. मग अमोनियाचा युरिया नीट होत नाही, यूरिक आम्लही पुढे मोडलं जात नाही. दोन्ही लघवीत उतरतात आणि अमोनियम युरेटचे खडे धरतात.

कुत्रा डाल्मेशियन किंवा बुलडॉग नसेल (या जातींत असे खडे शंटविनाही होतात) आणि लहान वयातच युरेटचा खडा निघाला, तर शंटच्या शंकेसाठी बाइल ॲसिडची (रक्तातल्या पित्ताम्लांची) तपासणी मागा: 12 तास उपाशी ठेवून एक रक्तनमुना, खाऊ घालून 2 तासांनी दुसरा.

हे खडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाहीत, म्हणून सोनोग्राफी लागते. लघवी सुईने थेट मूत्राशयातून घेतलेली हवी. स्फटिकांसाठी ती अर्ध्या तासात पाहावी, कारण फ्रिजमधल्या गारव्याने नवे स्फटिक तयार होतात. कल्चरचा (लघवीतले जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) नमुना मात्र लगेच लॅबला जात नसेल तर फ्रिजमध्येच ठेवावा.

ताप, कंबर दाबल्यावर दुखणं, उलट्या, खाणं सोडणं ही मूत्रपिंडाच्या संसर्गाची लक्षणं. इथे रक्ताचा अहवाल हमखास फसवतो. यकृत युरिया कमी बनवत असल्याने मूत्रपिंड आजारी असूनही आकडा नॉर्मल दिसतो. आधीपासूनच पाणी जास्त पिणाऱ्या कुत्र्याची वाढलेली लघवीही नजरेतून सुटते. कल्चरचा नमुना घेतला की अँटिबायोटिक लगेच सुरू होतं, अहवाल आल्यावर गरजेप्रमाणे बदलतं. कोर्स साधारण 10 ते 14 दिवसांचा; कुत्रा खेळायला लागला म्हणून मध्येच सोडू नका. काही जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतात. तो रक्तात गेला की कुत्रा गुंगतो, भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो.

लॅक्ट्युलोज (आतड्यातला अमोनिया कमी करणारं पातळ औषध) साधारण किलोमागे अर्धा मिली, दिवसातून 2-3 वेळा. शी दिवसाला 2-3 वेळा आणि मऊ व्हायला हवी, पातळ झाली तर डोस कमी करायचा. अचूक मात्रा पशुवैद्यच ठरवतील. कलेजी, गुर्दा, बांगडा, तारली पूर्ण बंद. प्रथिनं पनीर, दही, अंडं यांतून, मोजून. वाढत्या पिल्लाची प्रथिनं मनाने तोडू नका, पिल्लू खंगतं. जेवणात पाणी मिसळा. लघवीची घनता 1.020 च्या खाली राहिली तर उत्तम. डाल्मेशियनला चालणारं ॲलोप्युरिनॉल (यूरिक आम्ल कमी करणारं औषध) इथे देऊ नये: उपयोग होत नाही, उलट झँथिनचे खडे होऊ शकतात.

खरा इलाज शंट हळूहळू बंद करणारी शस्त्रक्रिया. त्यानंतर छोटे खडे कधी कधी आपोआप विरघळतात. नर कुत्र्यात खडा लिंगातल्या हाडामागे अडकतो. कुंथूनही थेंबच पडत असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. काढलेला खडा फेकू देऊ नका, तो कशाचा आहे हे तपासायला पाठवायला सांगा.