ऑटो ट्यूनर: बटण दाबण्याआधी आणि दाबल्यावर

ऑटोमॅटिक ट्यूनर घ्यायला निघालेल्या नव्या हॅमला (हौशी रेडिओ चालवणाऱ्याला) मी आधी एवढंच विचारतो: बसवणार कुठे? उत्तर बहुतेक वेळा येतं, "कुठे म्हणजे? रिगच्या शेजारी, टेबलावर." (रिग म्हणजे आपला रेडिओ सेट.) हरकत नाही, माझाही एक ट्यूनर तिथेच आहे. पण टेबलावरचा ट्यूनर काय करतो आणि काय करत नाही, हे डोक्यात पक्कं असेल तरच पुढचं सगळं सुरळीत होतं.

टेबलावरचा ट्यूनर अँटेनाला हातही लावत नाही. रिगच्या सॉकेटमधून केबलकडे पाहिल्यावर जो इम्पिडन्स (विजेला होणारा एकूण अडथळा) दिसतो, तो कॉइल आणि कपॅसिटर जोडून-तोडून ५० ओहमच्या जवळ आणायचा, एवढंच त्याचं काम. रिगचं समाधान होतं आणि ती पूर्ण पॉवर सोडते. ट्यूनरच्या पलीकडची केबल आणि तिच्या टोकाची तार मात्र होती तशीच राहते. केबलवरचा एसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणी किती बिघडली आहे ते सांगणारं गुणोत्तर (१:१ म्हणजे अचूक जुळणी), तोही तोच राहतो.

आकड्यांत बघू. ३० मीटर आरजी-५८ ही बारीक कोॲक्स (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली केबल) आहे आणि आपण २८ मेगाहर्ट्झवर आहोत. नीट जुळलेली अँटेना असली तरी एवढी केबल साधारण २.४ डेसिबल खाते. आता अँटेनापाशी एसडब्ल्यूआर १०:१ आहे असं धरा. तोटा वाढून ६ डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे १०० वॉट टाकले तर तारेपर्यंत जेमतेम २५ पोचतात. खरी गंमत पुढेच आहे. केबल परत येणारी लाटही खाते, त्यामुळे रिगच्या टोकाला मीटर २.८:१ च्या आसपासच दाखवतो. तेवढं तर रिगच्या पोटातला ट्यूनरही जुळवून टाकतो. काटा १.१ वर, आपण खूश, आणि पाऊण पॉवर केबल गरम करण्यात गेलेली.

याचा अर्थ ट्यूनर वाईट असा नाही. हीच केबल ७ मेगाहर्ट्झवर असेल आणि अँटेनापाशी एसडब्ल्यूआर ३:१ असेल, तर जादा तोटा अर्ध्या डेसिबलच्या घरात असतो. समोरच्याला तो कानाने कळणारसुद्धा नाही. अशा वेळी खुशाल ट्यून करा आणि बोला, तार कापत बसू नका. खालचे बँड, आखूड किंवा जाड केबल आणि ३:१ पर्यंतचा एसडब्ल्यूआर असेल तर टेबलावरचा ट्यूनर उत्तम. वरचे बँड, लांब बारीक केबल आणि त्याहून वाईट एसडब्ल्यूआर असेल तर ट्यूनर अँटेनाच्या पायथ्याशी न्या, नाहीतर कोॲक्स काढून ४५० ओहमची लॅडर लाइन (शिडीसारखी, दोन समांतर तारांची) लावा. लॅडर लाइनमधला तोटा मुळातच इतका कमी असतो की मोठा एसडब्ल्यूआरही ती पचवते. माझा मुख्य डबलेट (मधोमध पॉवर दिलेली तारेची अँटेना) तसाच आहे: लॅडर लाइन टेबलाजवळच्या १:१ करंट बॅलनपर्यंत (दोन तारांची लाइन आणि कोॲक्स यांना जोडणारा भाग), आणि तिथून हातभर कोॲक्सने ट्यूनरला.

कोणता ट्यूनर किती झेपवतो, तेही माहीत हवं. रिगमधले बहुतेक ट्यूनर साधारण १६.७ ते १५० ओहमपर्यंत, म्हणजे ३:१ पर्यंतच काम करतात. त्यांचा उपयोग डायपोलच्या (अर्ध्या तरंगलांबीच्या, मधोमध पॉवर दिलेल्या तारेच्या) बँडच्या कडेला जाऊन बोलण्यापुरता. ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) डायपोल २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झ) चालवायचा हट्ट त्यांच्याकडे धरू नका. बाहेरचे ट्यूनर बरेच पुढे जातात, १०:१ किंवा त्याहूनही पुढे. तिसरा प्रकार थेट तारेच्या टोकाला बसणारा. आयकॉमचा एएच-४ हे त्याचं ओळखीचं उदाहरण. किमान ७ मीटर तार दिली की तो ३.५ ते ५४ मेगाहर्ट्झ सांभाळतो. याच्या आणि तारेच्या मध्ये कोॲक्स घालायची नसते. तार थेट त्याच्या वरच्या टर्मिनलला आणि काउंटरपॉइज (जमिनीचं काम करणारी जादा तार) किंवा अर्थ खालच्या टर्मिनलला. कोॲक्स फक्त रिगकडून ट्यूनरपर्यंत.

जोडणी

क्रम असा: रिग, मग एसडब्ल्यूआर मीटर, मग ट्यूनर, मग अँटेनाची केबल. मीटर ट्यूनरच्या पलीकडे लावलात तर ट्यून झाल्यावरही तो जुनाच वाईट आकडा दाखवत राहील आणि तुम्ही चांगल्या ट्यूनरला नावं ठेवाल. बाहेरचा ट्यूनर वापरताना रिगमधला बंद करा. दोघं चालू राहिले की एकमेकांचं काम बिघडवतात: आतला आपलं जुळवतो, बाहेरच्याला वेगळंच चित्र दिसतं, आणि रिले उगीच खडखडत राहतात.

शक्य असेल तर रिग आणि ट्यूनरमध्ये कंट्रोल केबल लावा. आयकॉमच्या चार पिनांच्या ट्यूनर सॉकेटवर १३.८ व्होल्ट, ग्राउंड, स्टार्ट आणि की अशा चार तारा असतात. येसू आणि केनवूड या कंपन्यांच्या जोडण्या वेगळ्या. कनेक्टर तसाच दिसतो म्हणून दुसऱ्या कंपनीची केबल खुपसू नका. १३.८ व्होल्ट चुकीच्या पिनवर गेले तर मग ट्यूनरची नाही, रिगची दुरुस्ती. कंट्रोल केबल असली की ट्यून बटण दाबताच रिग आपोआप पॉवर कमी करते, कॅरिअर (आवाज नसलेली सलग लाट) सोडते आणि काम झालं की पुन्हा जुन्या मोडवर येते. नसेल तर हे सगळं आपल्या हाताने करायचं.

आधी बायपास

या पायरीला बहुतेक जण फाटा देतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. ट्यूनर बायपासवर टाका, म्हणजे पॉवर त्याच्या जुळणीतून न जाता सरळ पुढे जाईल. आधी अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर गिळणारा ५० ओहमचा रोधक) लावा. एसडब्ल्यूआर १.१ च्या वर जायला नको. गेला तर मधला पॅच कॉर्ड किंवा एखादा प्लग खराब आहे, आणि त्यावर कितीही ट्यून केलं तरी व्यर्थ. हे बघून झालं की अँटेना लावा आणि ज्या बँडवर बोलायचं आहे त्या प्रत्येक बँडच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, थोड्या पॉवरवर, बायपासमधला आकडा वहीत लिहून ठेवा.

माझ्या वहीचं पहिलं पान या आकड्यांचंच आहे, आणि ट्यूनरच्या मॅन्युअलपेक्षा तेच जास्त वेळा उघडलं जातं. कारण ट्यूनर चालू असताना अँटेनाची तब्येत कळत नाही. तार एका बाजूने तुटली, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, तरी ट्यूनर इमानदारीत १.३ आणून दाखवेल. महिन्यातून एकदा बायपास करून आकडे वहीशी ताडले की बिघाड लगेच लक्षात येतो. एक खूण आवर्जून सांगतो: पूर्वी बँडच्या कडांना चढणारा एसडब्ल्यूआर अचानक सगळीकडे सपाट आणि सुंदर दिसायला लागला, तर आनंद मानू नका. केबलमध्ये पाणी गेल्याचं ते लक्षण असू शकतं. तोटा वाढला की रिगजवळचा एसडब्ल्यूआर सुधारतो, हे वरच्या हिशेबात आपण पाहिलंच.

ट्यून करताना

पॉवर ५ ते १० वॉटवर आणा. काही ट्यूनरना किमान ५ वॉट लागतात, काही त्याहून कमीवर चालतात, पण २० च्या वर जायचं कारण नाही. मोड सीडब्ल्यू (मोर्स), एएम, एफएम किंवा आरटीटीवाय (टेलिटाइप) ठेवा. सलग, न हलणारा कॅरिअर पाहिजे. एसएसबीवर (बोलण्याच्या नेहमीच्या मोडवर) माइकमध्ये शिट्टी मारून ट्यून करणारे आहेत, पण शिट्टी वरखाली होते आणि ट्यूनरचा मेंदू गोंधळतो.

आता थांबा आणि ऐका. ही फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का? नुसतं कानाला शांत वाटणं पुरेसं नाही, कारण बोलणाऱ्याचा एक पक्ष तुम्हाला ऐकूच येत नसेल. विचारा, आपलं कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) द्या. उत्तर आलं तर दोन-चार किलोहर्ट्झ बाजूला सरका. एवढ्याशा फरकाने जुळणी सहसा बिघडत नाही. नेट (अनेक हॅमचं ठरवून चाललेलं सामूहिक बोलणं) चालू असताना किंवा दुर्मिळ स्टेशनच्या डोक्यावर कॅरिअर टाकून ट्यून करणाऱ्याला बँडवर काय ऐकावं लागतं ते मी इथे लिहीत नाही.

बटण दाबलं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज येईल. घाबरू नका, ते रिले आहेत. समजा आत ८ कॉइल आणि ८ कपॅसिटर आहेत. प्रत्येक जोडायचा की नाही हे एकेक रिले ठरवतो, म्हणजे २५६ गुणिले २५६, आणि कपॅसिटर कॉइलच्या रिगकडच्या बाजूला की अँटेनाकडच्या, हे ठरवणारा आणखी एक. एकूण १,३१,०७२ जुळण्या होतात. ट्यूनर त्या सगळ्या तपासत नाही. आधी मोठ्या उड्या मारून अंदाज घेतो, मग बारीक सरकतो. आवाजातही ते ओळखू येतं: सुरुवातीला जोरदार खडखड, शेवटी दोन-तीन सुटे टकटक, मग शांतता. खडखड संपतच नसेल, किंवा संपून पुन्हा सुरू होत असेल, तर त्याला जागा सापडत नाहीये. तेव्हा कॅरिअर बंद करा, पुन्हा पुन्हा बटण दाबून रिले झिजवू नका.

पूर्ण पॉवरवर ट्यून करायचं नाही, हे मात्र कडकपणे पाळा. विजेचा दाब असताना रिलेचे संपर्क उघडले-मिटले की ठिणगी पडते आणि संपर्क जळतात. कमी पॉवरवर ट्यून, आकडा १.५ च्या आत आला की मोड आणि पॉवर जागेवर, आणि चला. १.५ चा १.१ करण्यासाठी परत ट्यून करणं मला निरर्थक वाटतं: १.५ ला परत येणारी पॉवर फक्त ४ टक्के असते.

बहुतेक ट्यूनर जुळणी फ्रिक्वेन्सीसह लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी त्याच जागी आलात की लांब खडखड नाही, एकच टक् आणि तयार. सोय मोठी आहे, पण अँटेना बदलली, तार लांब केली किंवा केबल बदलली की जुनी मेमरी पुसून टाका, नाहीतर तो कालच्या अँटेनासाठीची जुळणी आजच्या अँटेनाला लावायला बघतो. दोन अँटेना असतील आणि ट्यूनरमध्ये दोघींसाठी वेगळी मेमरी नसेल, तर अँटेना बदलली की प्रत्येक वेळी नव्याने ट्यून करा. पावसात भिजलेल्या लॅडर लाइनचीही जुळणी सरकते. तेव्हा मेमरीवर न विसंबता बटण दाबायचं.

जुळतच नसेल तर

ट्यूनरला शिव्या घालण्याआधी तारेची लांबी मोजा. टोकाकडून पॉवर दिलेली तार त्या बँडवर अर्ध्या तरंगलांबीच्या किंवा तिच्या पटीत असेल, तर तिचा इम्पिडन्स काही हजार ओहमवर जातो. मीटरमधली अर्धी तरंगलांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागा: ७.१ ला साधारण २० मीटर, १४.२ ला १०. म्हणजे २० मीटर लांबीची तार ४० मीटर आणि २० मीटर या दोन्ही बँडवर ट्यूनरला छळणार. २००० ओहमवर १०० वॉट म्हणजे जवळपास ४५० व्होल्ट, शिखर ६३० च्या पुढे. लहान ट्यूनरच्या आत ठिणगी उडायला तेवढं पुरतं. उपाय सोपा आहे: लांबी बदला. माझी मागची तार १२.५ मीटरची आहे, आणि ती ४० पासून १० मीटरपर्यंत कुठल्याच बँडवर त्या नको असलेल्या लांबीवर येत नाही. ती आणखी दीड मीटर वाढवली असती तर ३० मीटर बँडवर (१० मेगाहर्ट्झ) नेमकी अडकली असती.

दुसरं लक्षण: ट्यून झालं, पण रिगला हात लावला की एसडब्ल्यूआर हलतो, किंवा माइकचा धातू ओठाला चटका देतो. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीची वीज) टेबलापर्यंत परत येतंय. ३१ नंबरच्या मिश्रणाच्या फेराइट रिंगमधून केबलचे वेढे घेऊन चोक (ती परतीची वीज अडवणारा) करा, आणि तारेच्या अँटेनाला काउंटरपॉइज द्या. त्याशिवाय ट्यूनर जे जुळवतोय त्यात तुमचं टेबल, पॉवर सप्लाय आणि तुम्ही स्वतःही अँटेनाचा भाग आहात.

एफटी-८ (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड) वापरणाऱ्यांनी ट्यूनरवरचा वॉटचा आकडा नीट वाचावा. तो बहुधा एसएसबीसाठी असतो आणि डिजिटल मोडसाठी मॅन्युअलमध्ये खाली बराच लहान आकडा छापलेला असतो. एफटी-८ दर १५ सेकंदांच्या पाळीत १२.६४ सेकंद सलग कॅरिअर सोडतं. बोलण्यासारखी त्यात उसंत नाही. ट्यूनरचं झाकण हाताला गरम लागलं तर पॉवर निम्म्यावर आणा.

लिनिअर ॲम्प्लिफायर (रिगची पॉवर वाढवणारा) असेल तर रिग आणि लिनिअरच्या मधला ट्यूनर अँटेनासाठी काहीच करत नाही. तो लिनिअरच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला हवा, आणि तेवढी पॉवर झेपणारा हवा. ट्यून करताना लिनिअर स्टँडबायवर टाका, १० वॉट थेट ट्यूनरमध्ये जाऊ द्या, आकडा बघा आणि मगच लिनिअर चालू करा.