सहीची बॅट लिलावात घेताना: बोलीआधीची तपासणी आणि बोलीचं गणित

कॅटलॉगमधली भाषा मुद्दाम मोजूनमापून लिहिलेली असते, तेव्हा ती अक्षरशः वाचा. ‘साइन्ड बॅट’ म्हणजे सही असलेली बॅट, एवढंच. ‘प्लेअर इश्यू’ म्हणजे खेळाडूसाठी बनवलेली. ती मैदानात उतरली असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. ‘मॅच यूज्ड’ असेल तरच सामन्यात वापरल्याचा दावा, आणि किंमत अनेक पटींनी वाढते ती इथे. ‘फॅक्सिमिली’ म्हणजे छापील सही. दुकानात मिळणाऱ्या कित्येक बॅटींवर ती कारखान्यातूनच येते.

‘मॅच यूज्ड’चा दावा पडताळायला त्या सामन्याचे स्पष्ट फोटो शोधा. बॅटच्या लाकडाच्या, म्हणजे विलोच्या, प्रत्येक पात्यावरच्या रेषा वेगळ्या पडतात, त्या फोटोशी जुळवा. सोबत स्टिकरचा तिरकेपणा, कडेची टेप, हँडलच्या ग्रिपचं टोकही पाहा. पांढऱ्या चेंडूच्या सामन्यातल्या बॅटवर लाल ठसे दिसले तर विचारा; उत्तर ‘नेट्समध्ये लागले’ असंही असू शकतं, पण विचारा.

सहीवर 10 पटीचं भिंग धरा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. पेनाने केलेली बनावट सही ओळखणं त्याहून अवघड. नक्कल करणारा हात सावकाश चालतो, त्यामुळे रेघेची जाडी शेवटपर्यंत एकसारखी राहते आणि पेन थांबलं तिथे शाईचा गोळा जमतो. शाईचं वयही बघा. शार्पी मार्कर 1964 साली बाजारात आला. 1950च्या दशकातल्या दौऱ्याच्या बॅटवर तशी सही असेल तर ती फार तर कित्येक वर्षांनी केलेली. संपूर्ण संघाच्या सह्या असतील तर एकेक नाव त्या दौऱ्याच्या संघाशी ताडून घ्या. चार-पाच सह्यांचा कल एकाच हाताचा वाटला तर सोडून द्या.

प्रमाणपत्राची किंमत ते देणाऱ्याच्या विश्वासार्हतेइतकीच. विक्रेत्याने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र म्हणजे शोभेचा कागद.

आता किंमत. धोनीची 2011च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली बॅट लंडनमध्ये 1,00,000 पौंडांना गेली, शेन वॉर्नची बॅगी ग्रीन (ऑस्ट्रेलियाच्या कसोटी खेळाडूंची हिरवी) टोपी 2020 साली 10,07,500 ऑस्ट्रेलियन डॉलरना. दोन्ही लिलाव मदतनिधीसाठी होते. असे आकडे बाजारभाव म्हणून धरू नका. तिथे वस्तूसोबत दानही असतं. त्यापेक्षा त्याच खेळाडूच्या तशाच वस्तूंचे गेल्या दोन-तीन वर्षांतले निकाल काढा. निकालात बायर्स प्रीमियम (बोलीवर लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन) धरलाय की नाही तेही बघा, कारण कॅटलॉगमधल्या अंदाजित किमतीत तो बहुधा नसतो.

बोली उलटी मोजा. हातात एकूण 1,00,000 रुपये आहेत. पॅकिंग-कुरिअरचे 4,000 गेले, उरले 96,000. बायर्स प्रीमियम 20 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असेल, तर हातोड्याची किंमत, म्हणजे शेवटची बोली, 1.236ने गुणली जाते. म्हणजे तुमची मर्यादा 77,670 रुपये. बोली 5,000च्या टप्प्याने चढत असेल तर 75,000ला थांबा. 80,000ला गेलात की बिल 1,02,880 होतं. वस्तूच्या किमतीवरही जीएसटी आहे का, हे नियमावलीत पाहून घ्या. माल परदेशातून येणार असेल तर कस्टम्सचा खर्च आधीच विचारून ठेवा. या दोन्हींनी मर्यादा आणखी खाली येते.

हात आवरत नसेल तर लेखी बोली ठेवणं, म्हणजे आपली कमाल रक्कम आधीच लिहून देणं बरं. दोन लेखी बोली सारख्या आल्या तर सहसा आधी आलेली धरतात, म्हणून ती एक-दोन दिवस आधीच पाठवा. ऑनलाइन थेट बोलीत चित्र काही सेकंद मागे असतं. शेवटच्या क्षणाची वाट पाहणाऱ्याच्या हातून लॉट (लिलावातली वस्तू) जातो तो बहुधा तिथेच.

कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या स्थितीचा अहवाल, बोलीच्या आधी मागवा. बनावट निघाल्यास परत घेण्याची मुदत, पैसे भरायची मुदत आणि ठेवणावळ कधीपासून लागते, हेही तेव्हाच विचारा. हातोडा पडल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणी ऐकून घेत नाही.