वेगवान गोलंदाज होऊ इच्छिणाऱ्यांनी आधी पाठ सांभाळावी

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर मुलाला सरावाला घेऊन येणारे पालक बहुधा पहिल्यांदा विचारतात ते वेगाविषयी. जिल्हा संघासाठी अनेक मोसम नवा चेंडू हाताळल्यानंतर आणि आता मुलांना शिकवताना माझे मत असे झाले आहे की, वेगवान गोलंदाजाचे भवितव्य पंधरा ते एकोणीस या वयात त्याची पाठ कितपत शाबूत राहते, यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते.

वाटचालीचे टप्पे ठरलेले आहेत. जिल्ह्याची निवड चाचणी, राज्य संघटनेच्या स्पर्धा, मग 16 वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, 19 वर्षांखालील कूचबिहार करंडक आणि रणजी. भारतीय संघाचे दार त्यापुढे. अवघड आहे ते प्रत्येक टप्प्यावर धडधाकट पोहोचणे.

चेंडू टाकताना पुढचा पाय क्रीजवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघा आणि कंबरेतून वर जातो. त्या क्षणी कंबर फलंदाजाच्या दिशेला आणि खांदे मात्र बाजूला वळलेले अशी ‘मिक्स्ड ॲक्शन’ (गोलंदाजीची मिश्र शैली) असेल, तर मणक्याचा खालचा भाग पिळला जातो आणि वाढत्या वयातील हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्या मुलाच्या कंबरेत डाव्या बाजूला, मागे वाकताना दुखू लागले, तर ते अंगदुखीवर ढकलू नये. सुरुवातीचा तडा एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. त्यासाठी एमआरआय करावा लागतो. जसप्रीत बुमराहसारख्या गोलंदाजालाही 2023 मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि कित्येक महिने मैदानाबाहेर राहावे लागले.

म्हणूनच मी प्रत्येक मुलाला एक वही ठेवायला लावतो. सामन्यातले, नेटमधले, शाळेच्या संघातले आणि सुट्टीतल्या टेनिस बॉल स्पर्धेतलेसुद्धा सगळे चेंडू तिच्यात रोज लिहायचे, कारण पाठीला या चेंडूंमधला फरक कळत नाही. परीक्षेमुळे महिनाभर विश्रांती घेतलेल्या मुलाने निवड चाचणी तोंडावर आली म्हणून एकदम रोज तासभर गोलंदाजी करणे सर्वांत धोक्याचे. चेंडूंची संख्या आठवड्यागणिक थोडी थोडीच वाढवावी.

आपल्या शेजारच्या श्रीरामपूरच्या झहीर खानचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. संघातून बाहेर पडल्यावर 2006 मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी (तिथले स्थानिक) क्रिकेट खेळला, त्याच काळात त्याने रन-अप, म्हणजे चेंडू टाकण्याआधीची धाव, आखूड केला, आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्याच ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत नऊ बळी घेतले. कारकीर्दअखेर त्याच्या नावावर 311 कसोटी बळी होते. ॲक्शन किंवा रन-अप बदलायचा असेल, तर तो मोसम संपल्यावर, कमी चेंडू टाकून आणि प्रशिक्षकाच्या नजरेखालीच बदलावा.