म्युच्युअल घटस्फोट घेताय? पैशांच्या या चुका टाळा

वकील म्हणून माझ्याकडे म्युच्युअलला, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटाला, येणाऱ्या जोडप्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मोकळं कधी होणार? पैशांचं काय ठरलं, असं विचारलं की दोघंही एकमेकांकडे न बघता सांगतात, "ते आमचं बोलणं झालंय." मग कन्सेंट टर्म्स, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटी, म्हणून कुठल्या तरी मित्राच्या फाइलमधून उतरवलेली दोन पानं पुढे येतात. एकात तर त्या मित्राची मोटार तशीच राहून गेली होती. या दोघांकडे साधी स्कूटरही नव्हती.

"पुढचे हप्ते तो भरेल"

ही चूक वाचून वाचून माझे डोळे दुखायला लागलेत. वाकडचा फ्लॅट, नाव दोघांचं, गृहकर्जातही दोघं. ठरलं असं की फ्लॅट नवऱ्याने ठेवायचा, हप्ते त्याने भरायचे, तिने हक्क सोडायचा. टर्म्समध्ये तशी ओळ पडली, डिक्री (घटस्फोटाचा कोर्टाचा अंतिम आदेश) झाली. काही महिने हप्ते सुरळीत गेले. मग त्याची नोकरी सुटली आणि थकबाकीचे फोन तिला सुरू झाले. ती डिक्रीची सर्टिफाइड कॉपी घेऊन बँकेत गेली, त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून. अधिकाऱ्याने कागद वाचला, परत केला आणि म्हणाला, "मॅडम, घटस्फोट तुमचा नवऱ्याशी झालाय, बँकेशी नाही."

तो उद्धट वाटला तरी त्याचं बरोबर होतं. बँक तुमच्या टर्म्समध्ये पक्षकार नसते. कर्जाच्या करारावर सही आहे तोवर पूर्ण कर्जाची जबाबदारी तुमचीही. सिबिल घसरल्यामुळे तिने स्वतःसाठी बघितलेल्या वन बीएचकेचं कर्ज नामंजूर झालं, टोकन अडकलं. ती माझ्याकडे आली ती या टप्प्यावर. दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते, लावलीही. पण नोकरी गेलेल्या माणसाकडून वसूल काय करणार?

"इन्डेम्निटीची ओळ टाकू ना," म्हणजे तिचं नुकसान झालं तर तो भरून देईल अशी हमी, असं सुचवणारे वकील मित्र आहेत माझे. टाका. त्या ओळीने फक्त पुढची केस लढायला कारण मिळतं, बँकेचे फोन थांबत नाहीत. माझ्याकडे शिरस्ता एकच: कर्जातून नाव कमी केल्याचं बँकेचं लेखी पत्र फाइलला लागल्याशिवाय सेकंड मोशनला, म्हणजे डिक्रीआधीच्या दुसऱ्या आणि शेवटच्या अर्जाला, सही नाही. एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नाही असं बँक म्हणाली, तर घर विका, कर्ज फेडा, उरलेलं वाटून घ्या. घरात जीव अडकलेला असतो हे कळतं मला, पण हप्त्याला ते कळत नाही.

घराचा कागद डिक्रीनंतर करणं

महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहतं घर बक्षीसपत्राने दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. डिक्री झाली की तुम्ही नवरा-बायको उरत नाही. मग सब-रजिस्ट्रार बाजारभावाने शुल्क मागतो. पुण्यात ते 6-7 टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे काही लाख. घराचं पूर्ण वर्णन डिक्रीतच असेल तर सवलतीसाठी भांडता येतं, पण काउंटरवर उभं राहून ते भांडण करायची हौस कोणाला आहे? प्राप्तिकराच्या व्याख्येतही माजी जोडीदार 'नातेवाईक' नाही, म्हणजे नातेवाइकाच्या भेटीला मिळणारी करमाफीही धरता येत नाही.

उलटी भीतीही खरी आहे. आधी घर लिहून दिलं आणि समोरच्याने संमती मागे घेतली तर? डिक्री होईपर्यंत संमती काढून घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुरेश्टा देवी प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणून मी बक्षीसपत्राची नोंदणी सेकंड मोशनच्या आदल्या आठवड्यात ठेवते आणि पैशांचा मोठा हप्ता डीडीने कोर्टातच द्यायला लावते. पुढच्या तारखांच्या चेकवर माझा विश्वास नाही.

स्त्रीधन "मिळाले" असं आधीच लिहून देणं

पाटल्या, तोडे, मोहनमाळ सासूच्या लॉकरमध्ये आणि टर्म्समध्ये ओळ, "सर्व स्त्रीधन परत मिळाले, तक्रार नाही." या ओळीवर सही केली की नंतर कितीही रडा. आधी वजनासकट यादी, मग वस्तू हातात, मग दोघांची सही. फोटो काढा.

बाकीच्या चुका थोडक्यात. मुलाची पोटगी आईला "सोडून देता" येत नाही, तो हक्क मुलाचा आहे. एकरकमी पोटगीवर साधारणपणे प्राप्तिकर लागत नाही, दरमहाची उत्पन्नात धरली जाते; देणाऱ्याला वजावट कशाचीच नाही. विमा, म्युच्युअल फंड, पीएफ यांवरचं नॉमिनीचं नाव डिक्रीने आपोआप पुसलं जात नाही. आणि नोटरीच्या स्टॅम्प पेपरवरचा 'काडीमोड' हा हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट नव्हे. रूढीने चालणारे घटस्फोट वेगळे, पण ती रूढी सिद्ध करावी लागते.

सहा महिने थांबायची तयारी नसलेल्यांसाठी एक गोष्ट. 2017 च्या अमरदीप सिंग निकालाचं नाव सगळ्यांना पाठ असतं, कारण त्याने कूलिंग पिरियड, म्हणजे पहिल्या अर्जानंतरचा हा सहा महिन्यांचा थांबा, माफ होऊ शकतो. पण त्यातल्या अटी कोणी वाचत नाही. दोघं दीड वर्ष वेगळे राहिलेले हवेत, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, मुलांचा ताबा, बाकीचे वाद खरोखर मिटलेले हवेत. म्हणजे ज्या हिशेबाचा तुम्हाला कंटाळा आहे, तोच आधी पूर्ण करायचा. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या केसमध्ये मालमत्ता आणि कर्जांचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. म्युच्युअलवाल्यांनाही मी तोच नमुना भरायला लावते. तीन वर्षांची रिटर्न्स, बँक स्टेटमेंट्स, चालू कर्जं. निम्मे लोक तिथेच चिडतात.

डिक्रीच्या चार-पाच सर्टिफाइड कॉपी एकदमच काढा. बँक, सोसायटी, पासपोर्ट, पीएफ, प्रत्येक जण आपली वेगळी मागतो.