सोळा स्ट्रोकचं फंक अडतंय? या चुका टाळा

गावातली पोरं गिटार घेऊन येतात तेव्हा तक्रार ठरलेली असते: ‘भाऊ, फंक काही बसूनच नाही रायलं.’ फंक म्हणजे ठेक्यावर चालणारं अमेरिकन नाचाचं संगीत. पोरं दाखवतात डावा हात, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बरोबर आहे का म्हणून. कॉर्ड बहुतेक वेळा बरोबरच असते. मी म्हणतो, कॉर्ड सोड, नुसता उजवा हात हलवून दाखव. चोर तिथेच सापडतो.

फंकच्या एका ठोक्यात चार स्ट्रोक, म्हणजे तारांवरून हाताचे चार फटके: खाली, वर, खाली, वर. चार ठोक्यांचा बार, म्हणजे एक आवर्तन, म्हणून सोळा. तबला शिकलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. सोळा म्हटलं की ते तीनताल धरतात. तीनतालाच्या सोळा मात्रा वेगळ्या. इथे मात्रा चारच, आणि प्रत्येकीची चौगुन. ‘त-क-धि-मि’ म्हणत वाजवा. त आणि धि खाली, क आणि मि वर.

आता सगळ्यात मोठी चूक: आवाज नको तिथे हातच थांबवणे. समजा पहिल्या ठोक्यात फक्त ‘त’ वाजवायचा आहे आणि दुसऱ्यात फक्त ‘मि’. पोरं ‘त’ मारतात, हात हवेत धरून वाट बघतात आणि ‘मि’ आला की घाईघाईत खाली मारतात. ‘मि’ खाली पडला की समजायचं, मध्ये हात थांबला होता.

माझी ही खोड काढली एका खंजेरीवाल्या काकांनी. आमचा तिवसा तालुका, मोझरीचं गुरुकुंज जवळ, त्यामुळे तुकडोजी महाराजांची खंजेरी भजनं गावोगावी. प्रार्थनेनंतर काका ओट्यावर बसून माझं ऐकत होते. म्हणाले, ‘थाप नाही म्हणून हात काहून थांबवून रायला बे? हात चालू दे, थाप तिच्या जागेवर येते.’ गिटारच्या किती व्हिडिओंनी मला एवढं सरळ सांगितलं नव्हतं. हात सोळाही वेळा हलतो. तारेला लागायचं की वरून निसटायचं, एवढंच ठरवायचं असतं.

हे हलणं मनगटातून हवं. हात धुतल्यावर पाणी झटकतो तसं. कोपरातून मारलं तर दोन मिनिटांत दंड भरून येतो आणि लय ओढली जाते. पिक (तारा छेडायची चकती) घट्ट आवळू नका, सुरुवातीला ०.६० मिमीच्या आसपासचं पातळ बरं.

मग डावा हात. अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउनच्या बँडमधल्या जिमी नोलनने १९६५ पासून जो ‘चिकन स्क्रॅच’ हा चिक-चिक वाजणारा ढंग रुजवला, तो सगळा डाव्या हाताच्या दाब-सोडीवर चालतो. कॉर्ड क्षणभर दाबायची, लगेच सैल करायची, पण बोटं तारेवरून उचलायची नाहीत. उचलली की मोकळ्या तारा घुमतात. ई-नाइन्थ ही कॉर्ड घ्या (सहावी तार सगळ्यात जाड): मधलं बोट पाचव्या तारेच्या सातव्या पट्टीवर (फ्रेटवर), तर्जनी चौथीच्या सहाव्यावर, अनामिका खालच्या तीन बारीक तारांवर सातव्या पट्टीत आडवी. मधल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला नुसतं टेकलेलं. सैल केल्यावर बंद तारेच्या ‘चिक’ ऐवजी घंटीसारखा ‘टिंग’ येतो का? सातव्या पट्टीवर हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसता स्पर्श केला तरी वाजणारा बारीक सूर, असतो, म्हणून. करंगळी पण हलकेच तारांवर टेकवा, टिंग जाईल.

वेगाची घाई सगळ्यांनाच. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवला तरी मिनिटाला २४० स्ट्रोक होतात, हे विसरू नका. आधी एकही कॉर्ड न दाबता, सगळ्या तारा बंद ठेवून दोन मिनिटं नुसतं चिक-चिक करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. वरचे स्ट्रोक खालच्यांपेक्षा दबके किंवा उशिरा वाटले तर ६० वरच राहा. सारखे झाले की चार-चारने वाढवा. मला ६० ते ८० यायला अख्खा पावसाळा लागला.

एक आपल्याकडचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा गिटार टिनाच्या छपराखाली भिंतीला टांगू नका. लाकूड सुकून आकसतं, पट्ट्यांच्या धातूची टोकं बाहेर येतात आणि हात सरकवताना टोचतात. कूलरच्या झोतासमोरही नको. त्या ओल्या हवेने तारा गंजतात, आणि गंजलेल्या तारेवर बोट सैल केलं तरी खरखर येते. कव्हरमध्ये घालून आतल्या खोलीत, माळ्यापासून लांब ठेवा.